‘मी यातून उठणार का?’ असं पेशंटनं विचारलं तर

यावेळचं पत्र एका ज्युनियर डॉक्टर मुलीचं आहे. नाव नको म्हणालीये, आणि पेशंट ओळखू येईल असं पत्रातलं बरंचसं मी काढून टाकलंय. उरलेलं थोडक्यात असं:

“ताई, आमच्या वॉर्डात एक काका आहेत, साठी उलटलेले. फुफ्फुसाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलाय, केमोची दुसरी लाइनही, म्हणजे पहिल्या औषधांनी काम केलं नाही की देतात ती औषधंही, चालेना. परवा नाइट ड्युटीला मी त्यांची सलाइन बघत होते तर त्यांनी एकदम माझं मनगट धरलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, खरं सांगा, मी यातून उठणार का?’ मी म्हटलं, ‘असं काय बोलता काका, झोपा बघू आता, सकाळी मोठे डॉक्टर येतील त्यांना विचारा.’ आणि लाइट घालवून निघून आले. सकाळी सर राउंडला आले, बेडभोवती आमचा घोळका, सर म्हणाले, ‘स्कॅन बघितला, आता सपोर्टिव्ह ट्रीटमेंट करू,’ आणि पुढच्या बेडकडे गेले. काकांनी मान हलवली पण त्यांना काही कळलं असेल असं वाटत नाही. मग मुलानं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं, म्हणाला बाबांना काही कळता कामा नये, खचतील ते. तेव्हापासून मी त्या बेडवरून जाताना मोबाइलमध्ये बघत जाते. मी काय म्हणायला हवं होतं? मुलाचं ऐकायचं का? आणि अजून एक, बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर अनप्रोफेशनल दिसेल का?”

अगं, आधी एक गोष्ट लक्षात घे. त्यांनी सरांना नाही विचारलं, तुला विचारलं. हे बहुतेक वेळा असंच होतं. राउंडला पेशंट एकटा आडवा आणि बाकी सगळे उभे, सगळ्यांच्या हातात कागद, अशा वेळी कोण विचारणार आपण जगणार का म्हणून? असले प्रश्न रात्री येतात, ड्रेसिंग चालू असताना येतात, एक्सरेला नेणाऱ्या वॉर्डबॉयला लिफ्टमध्ये येतात. माणूस मनातल्या मनात बघून ठेवतो की इथे आपल्याशी माणसासारखं कोण बोलतं, आणि मग एखाद्या रात्री त्याचं मनगट धरतो.

आणि त्यांना माहीत नाही असं तुला खरंच वाटतं का? शरीर कुणाचं आहे? शर्ट ढगळ झालाय, बाथरूमपर्यंत जायला दोन माणसं लागतात, मुलगा फोन आला की बाहेर जाऊन बोलतो, आधी दहा मिनिटं थांबणारे डॉक्टर आता लांबूनच ‘काय म्हणताय’ करून जातात. माणसाला हे सगळं दिसत असतं. तारीखवार माहिती नसेल, पण काहीतरी बिनसलंय आणि सगळे आपल्यापासून लपवतायत एवढं बहुतेकांना कळलेलं असतं. मग त्या कळण्यासोबत ते एकटे पडतात, कारण ते बोलायला गेले की समोरचा म्हणतो असं काय बोलता, झोपा बघू. तू म्हणालीस तेच. तुला बोल लावत नाहीये, तुझ्या जागी बहुतेक जण हेच म्हणतात, शिकवलंच कुणी वेगळं?

तू विचारतेस काय म्हणायला हवं होतं. म्हणजे एक बरोबर वाक्य कुठेतरी लिहिलेलं आहे आणि तुला ते पाठ नव्हतं, असं तू धरून चालली आहेस. असं वाक्य नाहीये गं. त्या रात्री काही सांगायचंच नव्हतं, आधी विचारायचं होतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी जे खाली लिहितेय ते त्याचंच पाल्हाळ समज.

विचारायचं म्हणजे काय तर, हातातली सलाइन सोडायची, स्टूल ओढायचं, बसायचं. बसणं महत्त्वाचं, उभ्या माणसाकडे वेळ नाही असंच पडलेल्या माणसाला वाटतं. मग म्हणायचं, ‘तुम्ही विचारलंत ते बरं झालं. तुमच्या मनात काय येतंय ते सांगाल का मला?’ बास. आता ते जे बोलतील त्यावर पुढचं. ते म्हणतील, ‘मला वाटतं आता माझं काही खरं नाही.’ म्हणजे त्यांनी स्वतःच दार उघडलं, तुला धक्का द्यायचा नाहीये, फक्त मान्य करायचंय की हो, मलाही काळजी वाटतेय. किंवा म्हणतील, ‘पुढच्या केमोनं होईन ना बरा?’ म्हणजे त्यांना अजून वेळ हवाय, किंवा त्यांना खरंच कुणी नीट सांगितलेलं नाही. किंवा म्हणतील, ‘मला जायचं भय नाही हो, पण रात्री श्वास कोंडतो त्याचं भय वाटतं.’ बघ, प्रश्न तोच होता पण हवं होतं काहीतरी वेगळंच, आणि याच्यावर तर त्याच रात्री उपाय करता आला असता! ‘मी उठणार का’ या एका प्रश्नाआड किती प्रश्न असतात ते विचारल्याशिवाय कळत नाही.

तू ज्युनियर आहेस, सगळे रिपोर्ट तुला माहीत नसतील, ट्रीटमेंटचे निर्णय तुझे नाहीत, हे मान्य. मग तेच म्हण. ‘काका, पूर्ण चित्र मला आत्ता माहीत नाही, अर्धवट सांगून तुम्हाला घोटाळ्यात टाकणार नाही. उद्या मी सरांना सांगते की तुम्हाला बसून बोलायचंय, आणि मी स्वतः तिथे असेन.’ आणि मग खरंच असायचं, ड्युटी संपली असली तरी. नाही जमलं तर निरोप द्यायचा की आज नाही जमलं. ‘सकाळी मोठ्या डॉक्टरांना विचारा’ आणि हे, दोन्हीत काम पुढे ढकललेलंच आहे, पण एकात तू निघून जातेस आणि एकात परत येणार असतेस.

आता सरांचं बघू. ‘सपोर्टिव्ह ट्रीटमेंट’ म्हणजे आता आजारावर नाही, फक्त त्रासावर उपचार, हे तुला कळतं, मला कळतं. काकांना काय कळलं असेल? सपोर्ट देणार म्हणजे ताकद देणार, ताकद आली की पुढची केमो देणार. हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता, कॅन्सर शरीरभर पसरलेल्या आणि केमो घेत असलेल्या पेशंटना विचारलं होतं की ही केमो तुम्हाला पूर्ण बरं करेल का. करणार नाही, हे फुफ्फुसाच्या कॅन्सरवाल्यांपैकी ६९ टक्क्यांच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवाल्यांपैकी ८१ टक्क्यांच्या लक्षातच आलेलं दिसत नव्हतं. यातल्या कितीतरी जणांच्या डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही पेशंटला सगळं सांगितलंय. सांगितलंच असेल हो, मास्तरांनी पोर्शन संपवावा तसं.

गंमत म्हणजे सांगायचं की नाही हा वाद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तरी केव्हाच संपवलाय. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत जवळजवळ ९० टक्के डॉक्टर म्हणाले होते की कॅन्सर झालाय हे आम्ही शक्यतो पेशंटला सांगत नाही. १९७९ मध्ये तसेच प्रश्न पुन्हा विचारले तर ९७ टक्के म्हणाले सांगतो. वीस वर्षांच्या आत पूर्ण उलटं. पण सांगावं हे ठरलं, कसं सांगावं हे शिकवायचं मात्र राहूनच गेलं. २००० मध्ये वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन वगैरे कॅन्सर पेशंटसोबत काम करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, स्पाइक्स म्हणतात त्याला, तुला कॉलेजात एखाद्या लेक्चरला दाखवल्या असतील आणि तू शेवटच्या बाकावर झोपली असशील. त्यातल्या पायऱ्या पाठ करू नकोस, पण एक गोष्ट बघ, सहापैकी पहिल्या तीन पायऱ्यांत डॉक्टर काहीच सांगत नाही. जागा बघायची, पेशंटला काय माहीत आहे ते विचारायचं, आणि किती जाणून घ्यायचंय ते विचारायचं. अर्धं काम तोंड उघडून काही सांगण्याआधीच.

म्हणून सरांना गाठ आणि पंधरा मिनिटं माग. सर ओरडतील बहुतेक, वेळ कुठाय म्हणतील. तेव्हा म्हण की सर तुम्ही पंधरा मिनिटं द्या, बाकीची तयारी मी करते. पडदे ओढ, शेजारच्या बेडच्या नातेवाइकांना जरा बाहेर बसायला सांग, खुर्च्या आणून ठेव, फोन सायलेंटवर. सोबत कोण हवंय ते काकांना विचार, आपणच ठरवू नकोस. सुरुवात अशी, ‘काका, आतापर्यंत तुम्हाला आजाराबद्दल काय काय सांगितलंय? तुमच्या शब्दांत सांगा.’ मग, ‘काही जणांना सगळं बारीकसारीक ऐकायचं असतं, काही जण म्हणतात घरच्यांशी बोला, तुमचं कसं?’ हा प्रश्न फार कमी डॉक्टर विचारतात आणि मला विचारशील तर सगळ्यात सभ्य प्रश्न हाच आहे. कारण काही माणसांना खरंच ऐकायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे, ‘माझ्या मुलीला सांगा, ती बघेल’ असं म्हणणारा माणूस पळपुटा नसतो, त्यानं निर्णयच घेतलेला असतो.

ऐकायचंय म्हणाले तर आधी अंदाज द्यायचा, ‘बातमी आपल्याला हवी तशी नाहीये.’ एक श्वास थांबायचं. मग साध्या शब्दांत, दोन-तीन वाक्यं, त्याहून जास्त नाही. ‘केमो चालू असतानाही आजार वाढलाय. आणखी केमो दिली तर फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल असं आम्हाला वाटतं. हा आजार आता बरा होणार नाही.’ लीजन, प्रोग्रेशन, मेटास्टॅसिस असलं काही नको. ‘पेशंटनं रिस्पॉन्स दिला नाही’ हे तर अजिबातच नको, काकांनी काय केलं बिचाऱ्यांनी? औषधानं काम केलं नाही असं म्हण.

आणि मग गप्प बस.

हे सगळ्यात अवघड आहे. सांगून झाल्यावर जी शांतता पडते ती डॉक्टर लोकांना सहनच होत नाही, दहा सेकंद दहा मिनिटांसारखे वाटतात आणि मग ते भराभर बोलायला लागतात, डाएट, ऑक्सिजन, डिस्चार्ज, सेकंड ओपिनियन. पेशंटला त्यातलं एक अक्षर ऐकू जात नाही, तो ‘बरा होणार नाही’ इथेच थांबलेला असतो. तू जमिनीकडे बघ, त्यांच्या हाताकडे बघ, पण बोलू नकोस. पहिलं बोलणं त्यांचं असू दे. ते रडतील, चिडतील, किंवा विचारतील की सलाइन संध्याकाळी काढणार का, हो, असलंही विचारतात, मनाला तेवढंच झेपत असतं. रडले तर रडू दे, ‘रडू नका’ म्हणू नकोस. चिडले तर ‘राग येणारच’ म्हण. ‘मलाही वाटत होतं की या केमोनं काम करावं’ हे वाक्य खरं असेल तर मोठ्यानं म्हण, कारण त्यात खोटी आशाही नाही आणि तू त्यांच्या बाजूची आहेस हेही त्यांना कळतं. ‘मी समजू शकते’ मात्र टाळ, तुझ्या वयाला काय समजणार आहे साठीतल्या माणसाचं मरण? नाही समजत. ‘तुमच्यावर काय बेतलंय ते मला पूर्ण कळणार नाही, पण मी ऐकतेय’ हे बरं.

यानंतर प्रश्न येतो ‘किती दिवस?’

आकडा देऊ नकोस. नियम म्हणून नाही, आकडा चुकतो म्हणून. निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी २००० मध्ये हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची काळजी घेतात तिथे, दाखल होणाऱ्या पेशंटबद्दल त्यांच्या डॉक्टरांना अंदाज विचारले होते. वीस टक्के अंदाज बरोबर निघाले, ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितलं होतं. आणि यातलं मला सगळ्यात आवडलेलं, म्हणजे आवडलेलं कसं म्हणू, पण डॉक्टर पेशंटला जितक्या जास्त दिवसांपासून ओळखत होता तितका अंदाज जास्त चुकला. जीव जडतो ना. म्हणून आकड्याऐवजी पट्टा सांगायचा, ‘वर्षांमध्ये बोलता येणार नाही, महिन्यांमध्ये बोलावं लागेल, कदाचित आठवड्यांमध्येही, आणि मी चुकले तर मला आनंदच होईल.’ आणि लगेच विचारायचं, ‘हे का विचारावंसं वाटलं?’ कारण बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी ठोस असतं, कुणाला भेटायचंय, कुठली सही राहिलीये, कुणाशी अबोला आहे तो मिटवायचाय. मग ते काम आत्ता उरकून घेता येतं. ‘अजून बराच वेळ आहे’ असं सांगून ज्यांना गोड बोलून झोपवलं, त्यांची ही कामं राहून जातात आणि त्याचा हिशोब मागे राहिलेले आयुष्यभर करत बसतात.

तुला वाटेल एवढं सगळं बोलून माणूस खचणार नाही का, मुलगा म्हणतोय ते खरंच निघालं तर? यावरही अभ्यास आहे, २००८ चा, बराच गाजलेला. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटपैकी ज्यांच्याशी डॉक्टर याबद्दल बोलले होते त्यांच्यात डिप्रेशन किंवा काळजी जास्त आढळली नाही, उलट शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर आणि आयसीयू त्यांच्या वाट्याला कमी आलं. आणि ज्यांच्यावर शेवटी अशा ट्रीटमेंटचा भडिमार झाला, त्यांच्या घरच्यांना नंतर नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त होतं. दुःख होणारच, कुणी म्हणत नाही दुःख होत नाही. पण दुःख आणि खचणं यात फरक आहे, आणि मला तरी दिसलंय ते असं की माणूस सत्यानं खचतो त्यापेक्षा जास्त सगळे मिळून आपल्याला वेड्यात काढतायत या भावनेनं खचतो.

मुलाकडे वळू. त्याच्यावर चिडू नकोस, तो व्हिलन नाहीये, बाप जाणार हे त्याला कळलंय आणि त्याच्या हातात करण्यासारखं एवढंच उरलंय की बापाला दुःख होऊ द्यायचं नाही. त्याला कॉरिडॉरमध्ये उत्तर देऊ नकोस, बसव. पेशंटच्या हक्कांवर लेक्चर तर अजिबात देऊ नकोस, भांडण लागेल आणि तो तुला बेडजवळ फिरकू देणार नाही. विचार, ‘बाबांना कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ तो सांगेल, हाय खातील, जगायची इच्छा सोडतील, मला ते बघवणार नाही. हे शेवटचं खरं असतं बऱ्याचदा. मग हळूच विचार, ‘त्यांना काहीच अंदाज नसेल असं वाटतं का तुम्हाला?’ यावर बहुतेक जण गप्प होतात. आणि मग तुझी बाजू स्पष्ट सांग, ‘मी आपणहून जाऊन त्यांच्यावर काही लादणार नाही. त्यांना किती ऐकायचंय ते मी त्यांनाच विचारेन, नको म्हणाले तर एक शब्द बोलणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तुम्ही त्या वेळी तिथे असावं असं मला वाटतं.’ आणि हे पण सांग की त्यांनी एकदा विचारलंय. विचारलंय हे कळल्यावर कितीतरी मुलं मऊ पडतात, कारण त्यांना वाटत असतं की बाबांच्या मनात हा प्रश्नच नाही, आपणच तो मनात घालू.

तरीही नाही ऐकलं तर? तर काका शुद्धीवर आहेत, त्यांना सगळं समजतंय, आजार त्यांचा आहे, त्यामुळे शेवटी शब्द त्यांचा. पण इथे सरांना बरोबर घे, एकटीनं लढू नकोस.

एक वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू नये अशी माझी फार इच्छा आहे, ‘आता करण्यासारखं काही उरलं नाही.’ हे सरळ सरळ खोटं आहे. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलमध्ये समाजसेविका, आणि एवढ्यावर डॉक्टर लोक ऐकेनात म्हणून की काय चक्क डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. तिथून पुढे ही सगळी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होवो न होवो, पेशंटचा त्रास कमी करणारी काळजी, मोठी झाली. त्यांचं म्हणणं होतं की मरणाऱ्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात मनाचं असतं, घरादाराच्या आणि पैशाच्या चिंतेचं असतं, आपण जगलो ते कशासाठी याचंही असतं, आणि हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एवढं सगळं समोर असताना करण्यासारखं काही नाही कसं? आणि पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले असा जो समज आहे ना, वॉर्डातल्या अर्ध्या डॉक्टरांचाही असतो, त्यांना २०१० चा तो अभ्यास दाखव. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ पेशंट, निम्म्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम दिली. त्यांचं जगणं जास्त बरं गेलं, डिप्रेशन कमी, शेवटी जोरकस ट्रीटमेंट कमी झाली, आणि तरीही मधला आकडा धरला तर ते ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. तेव्हा तुमच्याकडे अशी टीम असेल तर काकांसाठी आत्ताच बोलवा, शेवटच्या दोन दिवसांत नाही.

सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करायचा प्रयत्न, आणि व्हेंटिलेटर, यांचं बोलणंही आत्ताच. हे बोलणं सहसा कसं होतं ते तुला माहीत आहे, रात्री दोन वाजता, पेशंटचा श्वास लागलेला, मुलगा घाबरलेला, आणि कुणीतरी फॉर्म पुढे करून विचारतं, ‘सगळं करायचं का?’ आता याला नाही कोण म्हणेल? नाही म्हणजे बापासाठी काहीच करू नका असं म्हटल्यासारखं. प्रश्नच चुकीचा आहे. आधी काकांना विचारायचं की तब्येत आणखी बिघडली तर तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, भय कशाचं वाटतं, काय झालेलं नकोच आहे. ते म्हणाले, नळ्या लावून पडायचं नाही, घरचे जवळ हवेत, तर मग डॉक्टरनं स्वतः म्हणायचं, ‘तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला वाटतं आपण छाती दाबणं आणि व्हेंटिलेटर हे करू नये, त्यानं हा आजार मागे हटणार नाही, आणि दुखणं आणि दम लागणं यावर मात्र पूर्ण लक्ष देऊ.’ सल्ला द्यावा डॉक्टरनं. हॉटेलच्या मेनूसारखे पर्याय वाचून दाखवून ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं याला मी तरी पेशंटचा आदर म्हणत नाही. आणि ठरलेलं केसपेपरवर ठळक लिही, तारीख, वेळ, कोणासमोर बोलणं झालं, नाहीतर रात्रीच्या ड्युटीवाल्याला काही माहीत नसतं आणि तो बिचारा छाती दाबायला सुरुवात करतो.

शेवटच्या दिवसांत घरच्यांशी बोलायचं काम बहुतेक तुझ्यावरच येईल. काय दिसणार आहे ते आधी सांग. झोप वाढेल, अन्न-पाणी नकोसं होईल आणि त्यांना भरवायचा आटापिटा करू नका, ते उपाशी राहिल्यामुळे जात नाहीयेत, जात असल्यामुळे भूक गेलीये. श्वास मध्येच थांबेल, पुन्हा सुरू होईल. घशातून घरघर येईल, ती ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, त्यांना बहुधा त्याची जाणीव नसते. हातपाय गार पडतील. हे आधी सांगितलेलं असलं की तेच घडताना लोक घाबरून धावाधाव करत नाहीत. मॉर्फिनबद्दल विचारतीलच, यानं ते लवकर जातील का म्हणून. दम लागण्यावर आणि दुखण्यावर थोड्या थोड्या डोसनं, मोजून, वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, त्रास कमी करतं, हे शांतपणे सांग, एकदा नाही, दहादा विचारतील.

आणि बेडवर वाकून त्यांच्याबद्दल ‘आता संपत आलंय’ असलं काही बोलू नका. २०२० मध्ये कॅनडात हॉस्पिसमधल्या पेशंटच्या मेंदूचे आलेख काढले होते, शेवटच्या तासांत, काहीच प्रतिसाद देत नसलेल्यांचेही, तर त्यांतल्या काहींचे मेंदू आवाजाला दाद देत होते. त्यांना अर्थ कळत होता का ते त्या आलेखावरून सांगता येत नाही. पण मुलाला एवढं नक्की सांगता येईल की बोला त्यांच्याशी, जे बोलायचं राहिलंय ते बोला.

आता तुझं डोळ्यांतलं पाणी. येऊ दे. पेशंट कधी म्हणत नाहीत की डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून विश्वास उडाला, विश्वास उडतो तो घड्याळाकडे बघितल्यानं. फक्त त्यांनी तुला सावरायची वेळ येऊ देऊ नकोस, एवढं भरून आलं तर ‘मी दोन मिनिटांत येते’ म्हणून बाहेर जा, तोंड धू, आणि दोन मिनिटांत ये. आणि हे सगळं एकटीनं मुरवू नकोस. वॉर्डात एखादी जुनी सिस्टर असेल ना जिला हे सगळं तुझ्या प्रोफेसरांपेक्षा जास्त कळतं, असतेच अशी एक, तिच्याशी बोल, ती काकांशी कशी बोलते तेही बघ.

आज काकांकडे जा. ‘त्या रात्री तुम्ही मला काहीतरी विचारलं होतं आणि मी उत्तर न देता गेले, आत्ता बोलायचंय का?’ एवढंच. नको म्हणाले तर ‘बरं, मी उद्या पुन्हा येईन’ म्हण आणि ये. आणि मुलाला भेटायची वेळ राउंडच्या आधीची दे, नंतरची दिलीस तर तू ओपीडीत अडकशील आणि तो पुन्हा तुला कॉरिडॉरमध्येच गाठेल.